जिनमायची खोळ

अकोल्यातल्या त्या जुन्या जिनाचं सगळं ठरलं होतं. घोडं अडलं होतं ते एका देवीपाशी.

जिन म्हणजे कपाशीतून सरकी काढायचा कारखाना, हे आता अकोल्यातल्याच पोरांना समजावून सांगावं लागतं. मालधक्क्यामागचा हा जिन कित्येक वर्षं बंद पडून होता. आत वटवाघळं, बाहेर बाभळी. आता त्याचं 'कपास स्क्वेअर' होणार होतं. पुढे दुकानं, माडीवर ऑफिसं आणि ट्यूशन क्लास, मागच्या मोकळ्या जागेत फ्लॅट, आणि सरकी काढायची यंत्रं, म्हणजे रेचे, ज्या लांब दालनात धडधडायचे तिथे खाण्यापिण्याचे स्टॉल. धुराडं तेवढं जसंच्या तसं ठेवायचं होतं, कारण धुराड्यासमोर फोटो बरे येतात. बिल्डर कुलदीप चांदूर बाजारकडचा. घरच्या संत्र्याच्या बागा सोडून सिमेंटात उतरलेला, देवाधर्माला घाबरणारा माणूस. रेच्यांच्या दालनाच्या मागच्या भिंतीत कोनाडा होता आणि त्यात शेंदूर माखलेली जिनमाय. त्याच भिंतीत एक जुनं दार विटांनी बुजवलेलं होतं. ते पुन्हा उघडून पार्किंगकडे वाट काढायची, असं नकाशात होतं. म्हणजे देवीला दहा-पंधरा पावलं सरकणं भाग होतं. कुलदीपचा एकही मजूर तिला हात लावायला तयार नव्हता, आणि खरं म्हणजे कुलदीपही नव्हता.

नकाशा काढणारी आर्किटेक्ट अनुपमा अमरावतीची, राजापेठेतली. तिनं तोडगा काढला. म्हणाली, "माझ्या सासऱ्यांना घेऊन येते."

तिचे सासरे कमलाकांत म्हणजे एका दगडात दोन पक्षी. घराणं भिक्षुकीचं, त्यामुळे देव हलवायचं उत्थापन आणि पुन्हा बसवायची प्रतिष्ठा दोन्ही तोंडपाठ. आणि स्वतः निवृत्त वकील. शिवाय त्यांचे वडील त्र्यंबकराव हे याच जिनाच्या शेठजींचे वकील होते. जिनाचा इतिहास चार ओळींत लिहून पितळेच्या पाटीवर कोरायचा होता, तेही काम अनुपमानं त्यांच्याच गळ्यात घातलं. कमलाकांतांनी नको नको म्हटलं आणि दुसऱ्याच दिवशी मजकूर लिहून तयार ठेवला. निवृत्त माणसाला कोणी काम सांगितलं की त्याच्या गुडघ्यांतही जोर येतो.

तो मजकूर लिहिताना त्यांना वडील फार आठवले. त्र्यंबकरावांचा फोटो अजून बार रूममध्ये हाराखाली होता. कोर्टात खोटं न बोललेला वकील, असं त्यांच्याबद्दल सगळे म्हणत, आणि कमलाकांत तर लहानपणापासून या वाक्यावरच वाढले होते. पन्नासेक वर्षांपूर्वी जिनात आग लागून नऊ बाया जळाल्या, तो खटला त्र्यंबकरावांनी चालवला आणि जिंकला. गंगूबाई नावाच्या कामकरणीनं रुईच्या ढिगाजवळ बिडी पेटवली. मागचं दार उघडंच होतं, पण बाया घाबरून उलट्या दिशेला धावल्या. निकाल असा होता. गंगूबाई त्या नवांतच मेली असल्यामुळे तिला विचारायचा प्रश्नच आला नाही.

त्या खटल्यातली एक गंमत घरात पिढ्यानपिढ्या चालत आली होती. मेलेल्या बायांच्या बाजूनं एक म्हातारी साक्षीला उभी राहिली. म्हणे, दाराला बाहेरून कुलूप होतं, आणि ते कुलूप आमच्यापाशी आहे. त्र्यंबकराव म्हणाले, मग आणा. म्हातारी म्हणाली, "आनता नाही येत, सायेब." सगळं कोर्ट हसलं. पुढे घरात कोणाचा अभ्यास झालेला नसो, कोणी भाजी आणायची विसरलेलं असो, त्यानं हात जोडून "आनता नाही येत, सायेब" म्हणायचं आणि सुटायचं. कमलाकांत असे सुटले, त्यांचा मुलगा सुटला, आता नातू ईशानही सुटत होता.

ठरल्या दिवशी सकाळी कमलाकांत सोवळं, पळी-पंचपात्री आणि नवा शेंदूर घेऊन जिनात पोचले. कोनाड्यापाशी पाच-सहा म्हाताऱ्या आधीच बसल्या होत्या. जिन बंद पडला तरी या बाया दर मंगळवारी तेल घालायला येत. त्यांच्यात पुढे बसलेली सुभद्रा. पासष्टीच्या पुढची, अंगानं वाळकी, नऊवारीचा काष्टा अजून घट्ट.

अनुपमाला लोकांना सहभागी करून घ्यायची भारी हौस. तिनं बायांना पाटीचा मजकूर वाचून दाखवला. इंग्रजांच्या काळात उभा राहिलेला कारखाना, वऱ्हाडची कपाशी, आणि शेवटी ती आग: 'गंगूबाई या कामगार स्त्रीच्या निष्काळजीपणामुळे लागलेल्या आगीत, मागील दार उघडे असूनही, नऊ स्त्रिया मृत्युमुखी पडल्या.'

बाया सुभद्राकडे पाहू लागल्या. सुभद्रा कमलाकांतांकडे पाहत होती.

"गंगूबाई माही माय होती," ती म्हणाली. "ते नाव काढा त्याच्यातून."

अनुपमा कानकोंडी झाली. कमलाकांतांना मात्र अशा प्रसंगांची सवय होती. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, दुःख समजतं मला. पण हा कोर्टाचा निकाल आहे. मी मनानं काही लिहिलेलं नाही."

"तुमी मोठ्या वकिलायचे पोरगे ना?"

"हो."

"मंग देवी तुमीच हालवा. तुमच्याच हातानं. दुसऱ्या कोनाचा हात नाही लागला पायजे."

कमलाकांत मनातून सुखावले. वडिलांच्या विरोधात हरलेल्या माणसांनाही वडिलांच्या घराण्याबद्दल आदर आहे, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. माणूस आपल्याला हवा तो अर्थ किती झटकन लावतो! त्यांनी मजुरांना बाहेर घालवलं. अनुपमाचा फोन वाजला, ती बोलत बोलत धुराड्याकडे निघून गेली. बाकीच्या बायांनाही सुभद्रानं डोळ्यांनीच खुणावलं आणि त्या गुडघ्यांवर हात टेकत उठून दालनाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या. मंत्र म्हणत कमलाकांतांनी देवीवर पाणी सोडलं. पाच किलोच्या भोपळ्याएवढा तो शेंदराचा गोळा. त्याला चांदीचे दोन डोळे आणि एक नथ चिकटवलेली. खाली कुठेतरी दगड असणार. पण गोळा हलेना. आतून काहीतरी भिंतीत पक्कं बसवलेलं होतं.

"खोळ उतरवावी लागते पहिले," सुभद्रा मागून म्हणाली.

ते त्यांनाही ठाऊक होतं. शेंदराचे थरावर थर चढत जातात, वर्षानुवर्षांनी त्याची जाड खोळ होते. ती उतरवायची तर अधिकारी माणसानं, विधी करून. उतरलेली खोळ वाहत्या पाण्यात सोडायची आणि मूळ मूर्तीला नव्यानं शेंदूर लावायचा. दुसऱ्या कोणी खोळीला नख लावलं तर घर बसतं म्हणतात. सुभद्रानं तेल कोमट करून आणलेलंच होतं. कमलाकांतांनी ते हळूहळू जिरवलं, नारळानं कडेकडेनं ठोकलं. बऱ्याच वेळानं कट् असा आवाज झाला आणि अख्खा मुखवटा, डोळ्यांसकट, त्यांच्या ओंजळीत आला.

आत दगड नव्हता.

जळून कोळसा झालेल्या फळीचा एक तुकडा विटांत चिणलेला होता. त्यावर दाराची लोखंडी कडी. कडीत कोयंडा, आणि कोयंड्यात मुठीएवढं कुलूप. शेंदरानं आणि तेलानं ते इतकं जपलं होतं की गंजही चढला नव्हता. कमलाकांतांनी नकळत ते ओढून पाहिलं. कुलूप लागलेलं होतं.

हातातली खोळ जड वाटायला लागली तेव्हा त्यांनी ती खाली ठेवली.

"पाह्यलं?" सुभद्रा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "बाया पदरात कपाशी नेतात म्हनून जिनाचा दिवानजी बाहेरून कुलूप लावे. मी होती बारा वर्साची. पानी आनाले गेलती, म्हनून वाचली. आतून दार वाजे ते आयकलं म्या. मंग आवाज बंद झाला."

"पण हे... हे असं..."

"दुसऱ्या दिवशी पोलीस येनार होते. दिवानजीची मानसं जयलेलं दार उचलून नेऊन राह्यली होती. त आमच्या सुंदराबाईनं हा तुकडा लपवला, अन् त्याच्यावर शेंदूर फासला. म्हने, आता कोन हात लावते पाहू."

कोणीच लावला नाही. दिवाणजीनं नाही, पोलिसांनी नाही. शेंदूर लावलेल्या वस्तूला हात लावायची छाती कोणाची? शेठजींनी तर पाप फेडायला की काय, बुजवलेल्या दाराशेजारी कोनाडा करून दिला आणि गवंड्याकडून तिला तिथे बसवूनही घेतलं, आत काय आहे ते न विचारता. सुंदराबाईची युक्ती अशी फळाला आली. फक्त एक गोष्ट तिच्याही ध्यानात आली नाही. खटला उभा राहीपर्यंत बायांनी त्या देवीला नवस बोलले होते, कोणाचं पोर बरं झालं होतं, कोणाचा नवरा परत आला होता. कोर्टात न्यायची वेळ आली तेव्हा ते कुलूप राहिलंच नव्हतं. ती जिनमाय झाली होती. तिची खोळ फोडायची कोणी?

"सुंदराबाई कोर्टात उभी राह्यली," सुभद्रा सांगत होती. "तुमच्या वडिलायनं इचारलं, कुठं हाये कुलूप. तिनं सांगतलं, आनता नाही येत. सारे हासले. घरी येऊन तिनं दोन दिवस अन्न नाही घेतलं."

हसणाऱ्यांत कमलाकांत स्वतः होते. कोर्टात नाही, पण पाटावर बसून, जेवताना, पन्नास वर्षं.

"वडिलांना हे माहीत नव्हतं," ते म्हणाले. बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की आपण बाजू मांडतो आहोत.

"नसन माईत. त्यायनं पाह्यलं नाही. येऊन पाहा म्हनलं होतं सुंदराबाईनं, ते आले नाही." सुभद्रानं कुलपाकडे बोट केलं. "तुमी पाह्यलं. मी कोनाले जेलात टाका नाही म्हनत. शेठ मेला, दिवानजी मेला. पाटीवर लिहा, दार बंद होतं. अन् माह्या मायनं कंदी बिडी ओढली नाही. बस, एवढंच."

"लिहितो," कमलाकांत म्हणाले.

"हिच्यावर हात ठिवून सांगा."

त्यांनी कुलपावर हात ठेवला आणि सांगितलं. आणि त्या घडीला ते अगदी मनापासून बोलले, हे त्यांच्या बाजूनं नोंदवून ठेवायला हवं. त्यांच्या बाजूनं नोंदवण्यासारखं याखेरीज फारसं काही नाही.

तेवढ्यात अनुपमाची हाक आली, "बाबा, झालं का?" तिच्या चपलांचा आवाज दालनात शिरला, आणि कमलाकांतांनी खांद्यावरचं उपरणं काढून झटकन कुलपावर टाकलं. का टाकलं, ते त्यांना सांगता आलं नसतं. ते म्हणाले, "थांब तिकडेच. देवी उघडी आहे, बघायची नसते." अनुपमा आज्ञाधारकपणे पाठ फिरवून उभी राहिली.

सुभद्राला त्यात वावगं वाटलं नाही. देवीला उघडं ठेवायचं नसतं हे तिलाही मान्य होतं. तिनं स्वतःच्या हातानं तेलात शेंदूर कालवून दिला. भिंतीतून विटांसकट तुकडा सोडवायला आणि नव्या ओट्यावर बसवायला गवंडी बोलावला तोवर कडी, कोयंडा, कुलूप सगळं केशरी झालं होतं. कमलाकांतांनी प्राणप्रतिष्ठेचे मंत्र म्हटले. आवाज खणखणीत लागला होता. आधी बायांनी बनवलेली देवी होती, आता शास्त्रानं झाली. खोळ सुभद्रानं पदरात घेतली आणि मोर्णा नदीवर गेली.

परतीच्या वाटेवर गाडीत अनुपमा म्हणाली, "बाबा, त्या बाईचं नाव काढूया का? उगाच दुखावतील."

"बघतो," कमलाकांत म्हणाले.

ते बघत राहिले. रोज सकाळी कागद घेऊन बसत. 'मागील दारास बाहेरून कुलूप असल्याने' असं एकदा लिहूनही झालं. मग वाटायचं, ही पाटी वकील मंडळी वाचणार. अकोल्याची, अमरावतीची. कोणीतरी विचारणारच, मग त्र्यंबकरावांनी खटला जिंकला तो कसा? बार रूममधला तो फोटो उतरवणार का? वडील गेले, त्यांना आता बाजू मांडता येत नाही, आणि जो बाजू मांडू शकत नाही त्याच्यावर ठपका ठेवणं हा कोणता न्याय? गंगूबाईलाही बाजू मांडता आली नव्हती, हा विचार आला की ते कागद बाजूला सारत आणि पेपर उघडत.

त्यात कुलदीपचा फोन आला. "बाबूजी, लोकं खायले येतीन. जयलेल्या बायायचं काहून लिहायचं? उडवून टाका ना ते पुरंच."

या फोनचा कमलाकांतांना मोठा आधार झाला. ते बाणेदारपणे म्हणाले, "इतिहास गाळता येणार नाही, कुलदीपराव. हवं तर नाव वगळतो." आणि आपण कोणाशी तरी भांडून काहीतरी राखलं, असं समाधान घेऊन त्यांनी अखेरचा मजकूर पाठवून दिला.

उद्घाटन दिवाळीनंतर झालं. रेच्यांच्या दालनात पिझ्झा, दाबेली, कॉफी. छताच्या लोखंडी कैच्यांना पिवळे दिवे टांगलेले. मागच्या भिंतीतलं बुजवलेलं दार फोडून तिथे काचेचं दार बसवलं होतं. माणूस जवळ आला की ते आपोआप सरकायचं. जिनमाय एका काचेच्या पेटीत होती, वर दिवा. मुलं हात लावतात म्हणून पेटीला कुलूप, आणि किल्ली सिक्युरिटीकडे. मंगळवारी सकाळी दुकानं उघडण्याआधी बायांनी येऊन जावं, असं ठरलं होतं.

सुभद्रा आली होती. तिची नात आकांक्षा तिथल्याच एका स्टॉलवर कामाला लागली होती. सुभद्रा तिला पाटीपाशी घेऊन गेली आणि वाचायला सांगितलं. सत्काराची शाल अंगावर घेऊन उभ्या असलेल्या कमलाकांतांना ते दुरून दिसत होतं. तिथून निघून जावं असं त्यांना फार वाटलं, पण पुढ्यात कोणी ना कोणी नमस्काराला येत होतं.

आकांक्षानं वाचलं, "'एका कामगार स्त्रीच्या निष्काळजीपणामुळे लागलेल्या आगीत, मागील दार उघडे असूनही, नऊ स्त्रिया मृत्युमुखी पडल्या.' तुह्या मायचं नाव नाही याच्यात, आजी."

सुभद्रानं पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग ती कमलाकांतांसमोर येऊन उभी राहिली.

"वकीलसाहेब, माह्या मायचं नाव काढलं तुमी."

"हो," कमलाकांत म्हणाले. "शब्द दिला होता तुम्हाला."

"पहिले एकीवर होतं. आता कोन ते लिहिलंच नाही, त नवाही जनीवर आलं." ती काचेच्या दाराकडे पाहत होती. एक जोडपं आलं, दार सरकलं, जोडपं आत आलं. "त्यायचेबी लेकरं हायेत. चंदाची माय होती त्याच्यात. चंदा मले इचारन, माह्या मायनं लावली का आग? काय सांगू?"

"पितळेची पाटी आहे, सुभद्राबाई. कोरून झालं."

"तुमी पाह्यलं होतं. तुमी बोला. आताच बोला, सारे हायेत. पेटी उघडा अन् दाखवा."

कमलाकांतांनी आजूबाजूला पाहिलं. कुलदीप, त्याचे भागीदार, अमरावतीहून मुद्दाम आलेले दोन जुने वकील, कौतुकानं भारावलेली अनुपमा. ते खालच्या आवाजात म्हणाले, "प्रतिष्ठा झालेली आहे. आता ते बाहेर आणता येत नाही."

म्हटल्यावर त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. सुभद्रानं त्यांच्याकडे नीट पाहून घेतलं. ती हसली नाही. तिनं देवीकडे न वळता आकांक्षाच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढच्या दारानं, जिथून मजूर बायांना पूर्वी हजेरी घेऊन आत सोडत त्या दारानं, निघून गेली. पुढे मंगळवारी बाकीच्या बाया येत राहिल्या, ती काही आली नाही.

त्या संध्याकाळी राजापेठेतल्या घरी सगळे जेवायला बसले. नागपूरहून मुलगाही आला होता. अनुपमा कौतुकाचे मेसेज वाचून दाखवत होती. तिनं ईशानला विचारलं, "तुझं प्रगतिपुस्तक मिळालं ना आज? आण बघू सहीला."

ईशान पाटावर उभा राहिला, दोन्ही हात जोडले आणि मान तिरकी करून म्हातारीच्या आवाजात म्हणाला, "आनता नाही येत, सायेब."

सगळे खो खो हसले. हसता हसता सगळ्यांनी कमलाकांतांकडे पाहिलं, कारण या गमतीला सगळ्यांत मोठं हसू नेहमी त्यांचं असायचं. भिंतीवर त्र्यंबकरावांचा फोटो होता. कमलाकांतांच्या नखांत उद्घाटनाच्या पूजेचा थोडा शेंदूर अजून दिसत होता. कितीदा घासूनही तो गेला नव्हता. त्यांनी हात ताटाखाली घेतला, आणि हसले.